दारावरची परवानगी आणि वयाची पडताळणी

(सूरह अन्-नूरच्या आयत 27-28 व 58-59 यांच्या प्रकाशात)

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी पोलादपूरकडील एका गावातील भगिनी महाडच्या बाजाराला आल्या होत्या. नमाजनंतर त्यांनी दिराला मशिदीत पाठवून मला बाहेर बोलावून घेतले. त्यांचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याच्या मोबाइलमधील एका ॲपने पालकाचा पुरावा मागितला होता: आईच्या आधार कार्डाचा फोटो आणि आईच्या चेहऱ्याचा फोटो. मुलाचे वडील कुवेतला नोकरीस आहेत. ‘‘मौलाना, फोटो नाही दिला तर खातं बंद होईल असं दाखवतंय. पोरगा दोन दिवस जेवला नाही. देऊ की नको?’’ हा त्यांचा प्रश्न. दीर बाजूलाच उभे होते. ते हसून म्हणाले, ‘‘भाभी उगाच घाबरतात. जन्माचं साल बदललं की विषय संपला. सगळे तेच करतात.’’

मी त्या वेळी थोडक्यात उत्तर दिले, परंतु मनाचे समाधान झाले नाही. एका बाईच्या चेहऱ्याचा फोटो, परदेशी असलेला बाप, वयाविषयीचे खोटे आणि उपाशी बसलेले मूल, इतके सगळे त्या एका प्रश्नात होते. असे प्रश्न यापुढे प्रत्येक घरी येणार आहेत, कारण मुलांच्या वयाची पडताळणी आता आपल्या देशाच्या कायद्यात आली आहे. म्हणून वाचकहो, या अंकातील अभ्यासासाठी सूरह अन्-नूरमधील त्या आयती निवडल्या आहेत, ज्यांत घराचे दार, परवानगी आणि मुलाचे वय या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत.

ज्या घराला दार नव्हते

सूरह अन्-नूरच्या 58 व्या आयतीत अल्लाह ईमानधारकांना आज्ञा देतो की, घरातील सेवकांनी आणि अद्याप वयात न आलेल्या मुलांनी दिवसातील तीन वेळी परवानगी घेऊनच तुमच्याजवळ यावे: फज्रच्या नमाजपूर्वी, दुपारी वस्त्रे उतरवून विश्रांती घेता तेव्हा आणि इशाच्या नमाजनंतर. या तीन वेळा पडद्याच्या आहेत. एरवी मुलांनी घरात मोकळेपणाने वावरण्यास हरकत नाही. पुढच्याच आयतीत आज्ञा बदलते. हीच मुले वयात आली की त्यांनी प्रत्येक वेळी परवानगी घ्यावी, जशी त्यांच्यापूर्वीचे मोठे लोक घेत आले.

या दोन आयती वाचताना आपण बहुधा पुढे निघून जातो. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी त्यांच्या काळातच खेद व्यक्त केला होता की, परवानगीच्या या आयतीवर बहुतेक लोक अमल करीत नाहीत, आपण मात्र आपल्या घरातील मुलीलाही परवानगी मागण्यास सांगतो. त्यांनी कारणही सांगितले आहे. आयत उतरली तेव्हा घरांना पडदे नव्हते, दारे धड नव्हती. पुढे सुबत्ता आली, पडदे आले आणि लोकांना वाटले की आता आयतीची गरज उरली नाही. (दोन्ही कथने सुनन अबू दाऊदमध्ये आहेत.)

आज आपल्या घरांना दारे आहेत, पडदे आहेत, आखातातून आलेल्या पैशाने बांधलेल्या घरांना तर लोखंडी फाटकेही आहेत. तरी मुलाच्या हातात जी सहा इंचांची काच आहे, तिला दार नाही. ती फज्रपूर्वीही उघडी असते आणि इशानंतरही. आयतीने नेमक्या ज्या तीन वेळा राखून ठेवल्या, त्या वेळीही मुले मोबाइल पाहतात. पहाटे फज्रला उठवायला गेलेल्या पालकांनी हे स्वतः पाहिले असेल.

आयतीचा क्रम नीट पाहा. वयाप्रमाणे प्रवेशाचा नियम बदलतो, हे तत्त्व कुरआनने स्पष्ट ठेवले आहे. तेव्हा मुलांचे वय विचारणे हीच मुळात पाश्चात्य कल्पना आहे असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण हा नियम मुलाने पाळायचा असला तरी आयतीत संबोधन मोठ्यांना आहे. शिकवण्याची जबाबदारी त्यांची. आणि या परवानगीने दोघांचे रक्षण होते. मुलाच्या डोळ्यांनी जे पाहू नये त्यापासून मुलाचे, आणि मोठ्यांच्या खासगीपणाचे. मुलाला वाचवण्यासाठी मोठ्यांना उघडे पाडा, असे आयत सांगत नाही. आजच्या वादात या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या जातात. कुरआनमध्ये त्या एकाच परवानगीने साधल्या आहेत.

उहुदच्या रणांगणावरील पडताळणी

वय तपासण्याचा एक प्रसंग सहीह बुखारीत आहे. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) सांगतात की, उहुदच्या वेळी ते चौदा वर्षांचे होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर त्यांना उभे करण्यात आले, तेव्हा त्यांना लढाईत भाग घेण्याची परवानगी मिळाली नाही. खंदकच्या वेळी ते पंधरा वर्षांचे होते आणि परवानगी मिळाली. पुढे हजरत नाफे (रह.) यांनी ही हदीस खलीफा उमर इब्ने अब्दुल अजीज (रह.) यांना ऐकवली. तेव्हा लहान आणि मोठा यांमधील सीमा हीच, असे म्हणून त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना तसा आदेश पाठवला.

आपण कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफिई आहोत. शाफिई फिक्हनुसार वयात येण्याच्या नैसर्गिक खुणा आधी प्रकट झाल्या नाहीत, तर पंधरा चांद्रवर्षे पूर्ण होताच मुलगा वा मुलगी बालिग ठरते. हनफी मजहबमध्ये इमाम अबू हनीफा (रह.) यांनी मुलासाठी अठरा आणि मुलीसाठी सतरा वर्षे सांगितली, परंतु फतवा त्यांच्या दोन शिष्यांच्या मतावर, म्हणजे पंधरावरच आहे. चांद्रवर्ष लहान असल्याने ही पंधरा वर्षे आपल्या शाळेच्या दाखल्यावरील साधारण साडेचौदा वर्षे होतात. म्हणजे त्या भगिनींचा मुलगा काही महिन्यांत शरीअतच्या दृष्टीने पूर्ण जबाबदार होईल. त्याची नमाज, त्याचे रोजे, त्याची नजर, सर्वांचा हिशेब त्याच्या स्वतःच्या नावावर लिहिला जाईल. देशाच्या कायद्यात मात्र तो आणखी जवळजवळ चार वर्षे बालक राहील.

यात विरोध आहे का? माझ्या मते नाही. सूरह अन्-निसाच्या सहाव्या आयतीत अनाथांच्या मालमत्तेविषयी आज्ञा आहे की, ते विवाहयोग्य वयाला पोहोचेपर्यंत त्यांना पारखत राहा आणि त्यांच्यात समंजसपणा दिसला, तर त्यांची मालमत्ता त्यांच्या हवाली करा. वयात येणे आणि व्यवहाराची समज येणे, अर्थात बुलूग आणि रुश्द, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. करारमदार करण्यासाठी कायद्याने अठरा वर्षांची अट घातली, तर ती दुसऱ्या पायरीशी संबंधित आहे, असे समजण्यास वाव आहे. चूक तेव्हा होते, जेव्हा आपण कायद्याचे अठरा घेऊन शरीअतचे पंधरा विसरतो आणि सोळा वर्षांच्या मुलाला ‘अजून लहान आहे’ म्हणून नमाजसाठी उठवत नाही, किंवा त्याने मोबाइलवर काय पाहिले याबद्दल त्याच्याशी परलोकाच्या दृष्टीने बोलत नाही.

उहुदच्या प्रसंगातील आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मुलांना समोर उभे केले, पाहिले, जाणून घेतले आणि निर्णय दिला. सीरतच्या ग्रंथांत असेही आहे की, राफे इब्ने खदीज (रजि.) यांना तिरंदाजीतील कौशल्यामुळे परवानगी मिळाली, तेव्हा समुरा इब्ने जुंदुब (रजि.) म्हणाले की, कुस्तीत मी याला हरवतो. कुस्ती झाली, ते जिंकले आणि त्यांनाही घेतले गेले. गरजेपुरती चौकशी झाली आणि काम संपले.

कायदा काय मागतो

आता आपल्या देशाचा कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 च्या ऑगस्टमध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. मुलांविषयीच्या तरतुदींसह मुख्य बंधने लागू होण्यास नियमांनी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे 2027 च्या मे महिन्याच्या सुमारास ती पूर्णपणे अमलात येतील. कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि कलम 9 नुसार तिची माहिती वापरण्यापूर्वी कंपनीने पालकाची पडताळणीयोग्य संमती घेतली पाहिजे. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांवर याच कलमाने बंदी घातली आहे. मुलांविषयीच्या बंधनांचा भंग केल्यास 200 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा भाग चांगला आहे, आणि चांगल्याला चांगले म्हटले पाहिजे. मुलाच्या आवडीनिवडी टिपून त्याला बाजारात विकणाऱ्या धंद्याला कोणी आवर घातला, तर मुस्लिम पालकाने त्याचे स्वागतच करावे.

अडचण पडताळणीच्या पद्धतीत आहे. गावातील दुकानदाराने अठराखालील मुलाला तंबाखू विकू नये असा कायदा 2003 पासून आहे. दाढी पिकलेला माणूस आला की दुकानदार त्याचे वय विचारत नाही, डोळ्यांना दिसते. इंटरनेटला डोळे नाहीत. कोण मूल आणि कोण प्रौढ हे त्याला कळत नाही, म्हणून मुलांना ओळखण्यासाठी सर्वांनाच आपली ओळख दाखवावी लागते. साठ वर्षांच्या आजीनेही आपण मूल नाही हे सिद्ध करायचे. शिवाय तंबाखूच्या दुकानात कार्ड दाखवले असते तर ते पुन्हा खिशात गेले असते. इथे त्याची प्रत दुकानदाराकडे राहू शकते.

राहिलेल्या प्रतीचे काय होते? डिस्कॉर्ड नावाच्या कंपनीने ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केले की, तिच्या ग्राहकसेवेचे काम पाहणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीकडून माहिती चोरीला गेली आणि सुमारे 70,000 वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झालेले असू शकतात. हे फोटो वयाविषयीच्या तक्रारी तपासण्यासाठी मागवण्यात आले होते. आपले वय अठरा आहे हे दाखवण्यासाठी दिलेल्या कागदावर नाव, पत्ता, चेहरा, सगळेच होते. अमानतीत खियानत हे दांभिकाचे लक्षण म्हणून हदीसमध्ये सांगितले आहे. ज्या कंपनीला आपण ओळखत नाही, तिने आपली अमानत ज्या दुसऱ्या कंपनीला सोपवली तिलाही ओळखत नाही, अशी ही साखळी आहे.

महाडकरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. 22 जुलै 2021 च्या महापुरात सावित्री आणि गांधारीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा कित्येकांची कागदपत्रे चिखलात गेली. त्यानंतर नवे दाखले, नवी कार्डे काढताना आपण जो दिसेल त्या टेबलावर आधारची झेरॉक्स ठेवत गेलो. त्या वेळी इलाजही नव्हता. पण तेव्हापासून एक सवय जडली. कोणीही मागितले की प्रत द्यायची, का मागितली हे विचारायचे नाही.

आपल्या भगिनींच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुलै 2021 मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि 1 जानेवारी 2022 रोजी ‘बुल्ली बाई’ या नावांनी ॲप तयार करून मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावासाठी’ मांडण्यात आले. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने आरोपींना अटक केली. ते फोटो त्या स्त्रियांनी स्वतःच्या खात्यांवर सहजपणे ठेवलेले होते. त्यामुळे पोलादपूरची एखादी आई आपल्या चेहऱ्याचा फोटो अनोळखी ठिकाणी पाठवताना थबकते, तेव्हा तिला ‘उगाच घाबरते’ म्हणून हसणे योग्य नाही. तिची हया आणि तिची सावधगिरी दोन्ही रास्त आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठानेही 24 ऑगस्ट 2017 रोजी के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

परदेशात काय चालले आहे तेही पाहावे. ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. मात्र त्याच कायद्यात अशीही अट आहे की, कंपनीने सरकारी ओळखपत्र हाच एकमेव मार्ग ठेवू नये आणि वय तपासण्यासाठी घेतलेली माहिती काम झाल्यावर नष्ट करावी. ब्रिटनमध्ये 25 जुलै 2025 पासून अश्लील संकेतस्थळांना वयाची कडक तपासणी बंधनकारक झाली. त्यानंतर आपण दुसऱ्या देशात आहोत असे भासवणारी व्हीपीएन ॲप्स तिथे धडाधड उतरवली गेली. कुंपण आले की पळवाटही निघते. म्हणून कुंपण नको, असे मी म्हणत नाही. केवळ कुंपणावर विसंबणाऱ्या पालकाने एवढे जाणून असावे.

परत जा, असे म्हणण्याचा हक्क

आता त्याच सूरहच्या 27 आणि 28 या आयतींकडे वळू. दुसऱ्याच्या घरात प्रवेश करण्यापूर्वी परवानगी घ्या आणि घरातल्यांना सलाम करा, अशी आज्ञा आहे. घरात कोणी नसेल तर आत जाऊ नका. आणि परत जा असे सांगितले गेले तर परत फिरा. तेच तुमच्यासाठी अधिक पवित्र आहे. प्रेषित (स.) कोणाच्या घरी गेले की दारासमोर उभे न राहता उजव्या किंवा डाव्या बाजूला उभे राहत, असे हदीसमध्ये आले आहे. एकदा एक माणूस त्यांच्या घराच्या छिद्रातून आत डोकावत होता. प्रेषितांच्या हातात केस विंचरण्याचे साधन होते. त्यांनी त्या माणसाला कडक शब्दांत बजावले आणि सांगितले की, परवानगीचा नियम नजरेमुळेच घालून दिला आहे.

या आयतीतील परवानगीची खरी कसोटी नकारात आहे. घरमालक ‘परत जा’ म्हणू शकतो आणि पाहुण्याने मनात राग न धरता फिरायचे असते. नकाराची मुभा नसेल तर ती परवानगी कसली? एरवी आपल्या मोबाइलवर जी ‘संमती’ मागितली जाते, तिच्यात ‘मान्य आहे’ हे बटण मोठे असते आणि नकाराचे सापडत नाही. नव्या कायद्यात याबाबत काही उपयोगी हक्क आहेत आणि आपल्या लोकांना ते माहीत असावेत. संमती मागणारी सूचना मराठीतही वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांसाठी ती तरतूद आहे. दिलेली संमती मागे घेता आली पाहिजे, आणि तेही देण्याइतक्याच सहजतेने. आपली माहिती दुरुस्त करण्याची व पुसून टाकण्याची मागणी करता येते. सरकारी यंत्रणांना याच कायद्याने पुष्कळ सवलती ठेवल्या आहेत आणि त्यावर टीकाही झाली आहे. ती टीका मला रास्त वाटते, पण तो आजचा विषय नाही.

नियमांमधील एक बारकावा मात्र पालकांनी जरूर समजून घ्यावा. जी व्यक्ती स्वतःला पालक म्हणवते ती प्रौढ आहे आणि गरज पडल्यास तिची ओळख पटू शकते, एवढ्या तपासणीवर नियमांचा भर आहे. ती खरोखर त्या मुलाची आई किंवा बाप आहे का, हे तपासण्याची स्वतंत्र पद्धत नियमांत सांगितलेली नाही. म्हणजे मोबाइलच्या दुकानातील ओळखीचा मुलगा, कॉलेजात जाणारा चुलतभाऊ किंवा कोणताही प्रौढ माणूस ‘पालक’ होऊ शकतो. कायद्याच्या दृष्टीने कदाचित चालून जाईल. शरीअतच्या दृष्टीने विलायत, म्हणजे पालकत्वाचा अधिकार, ही उसनवारीने देण्याची वस्तू नाही. शाफिई फिक्हमध्ये अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा वली बाप, त्यानंतर आजोबा, त्यानंतर ज्याला वसीयतीने नेमले तो. मुलाचे संगोपन आईकडे असते, आणि स्त्री आपल्या पतीच्या घराची राखणदार असून तिला त्याविषयी विचारले जाईल, हे बुखारी आणि मुस्लिममधील प्रसिद्ध हदीसमध्ये आहे. बाप कुवेतला असो वा दुबईला, फोनवर मशवरा होऊ शकतो. देशाचा कायदा आईची संमतीही पालकाचीच संमती मानतो. तेव्हा आईने बापाच्या सल्ल्याने निर्णय द्यावा, हाच योग्य मार्ग आहे. चुलत्याचा ओटीपी घेऊन काम उरकणे हा नव्हे.

‘सगळे तेच करतात’

आता दिरांच्या सूचनेकडे येऊ, कारण माझ्या मते सर्वांत मोठी हानी तिथे आहे. आज बहुतेक समाजमाध्यमांनी तेरा वर्षांची अट घातली आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांची खाती तरीही आहेत. ती कोणी उघडून दिली? मकतबमध्ये मी मुलांना विचारले, तेव्हा अनेकांनी निरागसपणे सांगितले की अब्बांनी, मामूंनी, दुकानातल्या भाईंनी. जन्मसाल कोणते टाकले? एक मुलगा म्हणाला, ‘‘उस्ताद, मी 1995 चा आहे.’’ सगळा वर्ग हसला. मीही हसलो, नंतर हसू उरले नाही.

सुनन अबू दाऊदमध्ये हजरत अब्दुल्लाह इब्ने आमिर (रजि.) यांच्या लहानपणीची हकीकत आहे. प्रेषित (स.) त्यांच्या घरी आले होते. आईने मुलाला हाक मारली की ये, तुला काही देते. प्रेषितांनी विचारले की, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. त्यावर त्यांनी सांगितले की, काही दिले नसतेस, तर तुझ्या नावावर एक खोटे लिहिले गेले असते. मुलाला जवळ बोलावण्यासाठीही खोटे बोलण्यास मुभा नाही. मग ज्या दारातून मूल जगात पहिल्यांदा पाऊल टाकते, त्या दारावर बापाने स्वतःच्या बोटाने खोटे साल लिहून द्यावे, हे कसे चालेल? मूल त्यातून शिकते की, नियम दाखवण्यापुरते असतात आणि अब्बांनाही ते माहीत आहे. पुढे हेच मूल अब्बांपासून काही लपवील, तेव्हा त्याने ते घरीच शिकलेले असेल. दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या कार्डावर खाते उघडणे तर कायद्यानेही निषिद्ध आहे. त्यासाठी व्यक्तीला दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे.

काही सुशिक्षित मित्र विचारतात की, कंपन्यांना खरी माहिती द्यायचीच कशाला? खोटी तारीख टाकली तर खासगीपणा राखला जातो. यावर उत्तर असे की, झाकणे आणि खोटे सांगणे यांत शरीअतने फरक केला आहे. न सांगण्याचा, गरजेपुरतेच सांगण्याचा, नकार देऊन परत फिरण्याचा हक्क आपल्याला आहे. हे मार्ग मोकळे असताना खोट्याला निमित्त उरत नाही.

पाळत आणि तरबियत

एक प्रश्न पालकच विचारतात आणि तो अवघड आहे: मुलाचा मोबाइल गुपचूप तपासावा का? सूरह अल्-हुजुरातच्या बाराव्या आयतीने तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याची गुपिते शोधत फिरणे, निषिद्ध ठरवले आहे. लोकांचे दोष हुडकत राहिलात तर त्यांना बिघडवाल, या आशयाची हदीसही अबू दाऊदमध्ये आहे. दुसरीकडे सूरह अत्-तहरीमच्या सहाव्या आयतीत स्वतःला आणि कुटुंबाला आगीपासून वाचवण्याची आज्ञा आहे.

माझ्या अल्प अभ्यासानुसार यात मुलाच्या वयाप्रमाणे फरक करावा. वर पाहिलेल्या दोन आयतींनी तोच केला आहे. लहान मुलावर देखरेख उघड असावी. मोबाइल बैठकीच्या खोलीत, रात्री पालकांजवळ, आणि अब्बा किंवा अम्मी कधीही पाहतील हे त्याला आधीच सांगितलेले. यात कसलीही पाळत नाही. ही देखभाल आहे. बालिग मुलगा किंवा मुलगी असेल तर आधी बोलावे. ठोस कारण नसताना तिचे संदेश चोरून वाचू नयेत. खरोखर धोक्याची चिन्हे दिसली, कोणी फसवत आहे, धमकावत आहे, अभद्र मागण्या करीत आहे असे दिसले, तर हस्तक्षेप करणे पालकाचे कर्तव्य होते, आणि तेव्हा पोलिसांच्या सायबर शाखेकडे जाण्यास लाजू नये. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक घरात लिहून ठेवावा. जे कंपनीने आपल्याशी करू नये असे आपल्याला वाटते, ते आपण आपल्या तरुण मुलीशी करीत आहोत का, हे मनाला विचारून पाहावे. विशिष्ट प्रसंगासाठी जवळच्या आलिमांचा सल्ला घ्यावा. एका लेखात सर्व प्रकरणांचा फतवा देता येत नाही.

पुराव्याच्या बाबतीत काही साध्या गोष्टी. आधारची प्रत देणे टाळता येत नसेल तर मास्क केलेले आधार द्यावे. त्यावर क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येते. जन्मतारीख आणि फोटो मात्र त्यावरही असतात, हे विसरू नये. नव्या नियमांत डिजिलॉकरसारख्या मान्यताप्राप्त सेवेने दिलेल्या आभासी टोकनद्वारे पालकाचे वय आणि ओळख पडताळण्याची सोय आहे, म्हणजे कंपनीच्या हातात कार्डाची प्रत न देताही काम होऊ शकते. ज्या ॲपमध्ये ती सोय असेल, तिथे तीच निवडावी. ही व्यक्ती प्रौढ आहे की नाही, एवढेच उत्तर पुरेसे असताना संपूर्ण कार्ड मागणे म्हणजे उंबरठ्यावर विचारायचे ते आतल्या खोलीत शिरून विचारण्यासारखे आहे.

त्या भगिनींशी पंधरा दिवसांनी पुन्हा बोलणे झाले. त्यांनी फोटो पाठवला नव्हता आणि जन्मसालही बदलले नव्हते. शुक्रवारी कुवेतला सुट्टी असते, म्हणून त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर बापाशी, आईशी आणि मुलाशी मिळून बोलणे झाले. तो एक खेळ होता, अभ्यासाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे तेव्हा कळले. खाते बंद झाले. मुलगा दोन दिवस रुसला, तिसऱ्या दिवशी मैदानावर गेला. दहावीच्या वर्षासाठी शाळेने सांगितलेले ॲप हवे आहे, तेव्हा त्याची संमती आईने द्यायची आणि कागद कोणता द्यायचा हे आधी फोनवर ठरवायचे, असे तिघांनी ठरवले आहे. दिरांनी मला विचारले की, त्यांच्या स्वतःच्या दोन मुलांच्या खात्यांवरची साले आता दुरुस्त करता येतील का? मी सांगितले की, होय. तेरा वर्षांखालील मुलाचे खाते दुरुस्तीनंतर बंद होण्याची शक्यता आहे, तेही मी त्यांना सांगितले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी ते केले. एकाचे बंद झाले, दुसऱ्याचे चालू आहे.